मुहूर्ताचा थर

आमच्या वडवणीकडे कुणी घर बांधायला काढलं की पायाचं पहिलं काँक्रीट घरची माणसं आपल्या हातांनी टाकतात. ईशान्येच्या कोपऱ्यातला खड्डा त्यासाठी ठरलेला असतो. गुरुजींनी काढून दिलेल्या वेळेला आधी मालक आणि मालकीण, मग मुलं, सुना, लेकी, जावई असं एकेक जण घमेलं रिकामं करतो. ओल्या काँक्रीटवर हळद-कुंकू पडतं, दूध पडतं, नारळाचं पाणी पडतं, झेंडूची फुलं पडतात. लहानपणी गल्लीत कुणाचा मुहूर्त असला की मी खोबरं-साखरेसाठी पुढे उभी असायचे. यात भिण्यासारखं काही असेल असं तेव्हा वाटलं नाही. इंजिनिअर झाल्यावर वाटलं.

माझे आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा झाला की ट्रॅक्टरमध्ये बिऱ्हाड भरायचं आणि उन्हाळा लागल्यावर परत यायचं. मी दहावी पास झाले त्या वर्षी मलाही बरोबर न्यायचं ठरत होतं. तेव्हा गावातले एक मोठे बागायतदार आमच्या दारात आले. त्यांना सगळा तालुका नाना म्हणतो. दोनदा निवडून आलेले, शब्दाला वजन असलेले गृहस्थ. ते उंबऱ्यातूनच वडिलांना म्हणाले, "पोरीला कोयता देऊ नको. माझ्या दोन हायत, ही तिसरी. हंगामात माझ्या घरी ऱ्हाईल."

पुढे दोन हंगाम मी नानांच्या घरी राहिले. त्यांच्या मुलींच्या पंगतीत जेवले. नानांच्या बायकोनं, काकूंनी, माझी वेणी घातली. नंतर अंबाजोगाईला शिकायला गेले आणि आमच्या भावकीतली पहिली पदवी घेऊन परत आले. हे आधी सांगते, कारण पुढे मी जे केलं, खरं तर जे केलं नाही, त्याच्या मुळाशी हेच आहे.

बीडला इमारतींचं डिझाइन करणाऱ्या एका सरांकडे मला नोकरी लागली. साइटवर उभं राहून काम बघायचं. वर्ष झालं नव्हतं तोवर नाना सरांकडे नकाशा घेऊन आले. वडवणीत दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या जागेवर खाली गाळे आणि वर पोरांसाठी मोठी अभ्यासिका बांधायची होती. पोलीस भरतीची, तलाठी परीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली घरी जागा नाही म्हणून देवळाच्या ओट्यावर बसून वाचायची, ते नानांना बघवत नव्हतं. सरांना ते म्हणाले, "साइटवर आमचीच पोरगी पाहिजे." मला त्या दिवशी जो अभिमान वाटला तो अजून आठवतो.

सरांनी पायाचं ड्रॉइंग माझ्या हातात देताना एका गोष्टीवर पेन टेकवलं. प्रत्येक कॉलमखाली सहा फूट बाय सहा फूट फुटिंग, जाडी अठरा इंच. "हे अठरा इंच एका दमात भरायचे. मध्ये थांबलीस तर मला फोन."

ते का म्हणाले ते मला माहीत होतं. फुटिंगच्या तळाशी लोखंडी सळयांची जाळी असते. कॉलम वरून दाबतो, जमीन खालून ढकलते, त्यानं फुटिंग भाकरीसारखं वाकू बघतं आणि तळाला ताण येतो. तो ताण जाळी घेते. पण दुसराही एक धोका असतो. कॉलम फुटिंगला वाकवण्याऐवजी सरळ भोसकून खाली जाऊ शकतो. तिथे तळाची जाळी जवळजवळ काहीच करू शकत नाही. ते ओझं काँक्रीटची जाडीच अडवते. पुस्तकात याला पंचिंग शिअर म्हणतात. मला ते पुस्तकाआधी समजलं होतं. ऊसतोडीच्या कोपीवर, म्हणजे आमच्या झोपडीवर, ताडपत्री टाकली की मधला बांबू ती फाडून वर येतो. म्हणून वडील बांबूच्या टोकावर पोत्याची जाड घडी बांधायचे. घडी पातळ झाली की बांबू बाहेर.

मुहूर्त सकाळी पावणेआठचा होता, ऐन थंडीत. सहा फूट खोल खड्डे काळ्या मातीतून उतरून खालच्या मुरमाला टेकले होते. सगळ्या जाळ्या बांधून तयार होत्या. मी सहालाच जाऊन ईशान्येच्या खड्ड्यात उतरले, सळया जमिनीला टेकू नयेत म्हणून जाळीखाली ठेवलेले कव्हरचे तुकडे नीट आहेत का ते बघितलं, कॉलमच्या सळया ओळंब्यात आहेत का ते बघितलं. मिक्सर मात्र आला नव्हता.

मिस्त्रींनी फोन लावला. मिस्त्री म्हणजे पन्नाशीतले, वडवणीतली अर्धी घरं बांधलेले, मी मामा म्हणायचे असे. फोन ठेवून ते मला म्हणाले, "मिक्सर उमापूरला स्लॅबवर अडकलाय. आज काय येत न्हाई."

"मग मुहूर्त पुढे ढकलावा लागेल, मामा."

"ढकला की. त्या बघा गाड्या."

तीन जीपमधून नानांचं गणगोत उतरत होतं. दोन्ही लेकी सासरहून आल्या होत्या. काकूंनी जरीचं लुगडं नेसलं होतं. गुरुजी पंचांग उघडूनच आले. पुढचा मुहूर्त वीस दिवसांनी होता आणि तोही नानांच्या राशीला बरा नव्हता.

मिस्त्री म्हणाले, "हातानं कालवतो. बाया हायतच. होईल तितकं टाकू, उरलेलं मिक्सर आल्यावर. सगळीकडं आसंच असतंय, मॅडम."

मॅडम हा शब्द ते मला चिडवायलाच वापरायचे. मी म्हणाले, "एका दमात भरायला सांगितलंय."

"दम कुणाला हाय इथं? दोन बाया अन एक फावडं." बाया हसल्या. मीही कसनुसं हसले.

तेवढ्यात नाना जवळ आले. डोक्याला फेटा, कपाळाला गंध. माझ्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांना म्हणाले, "ही आमची इंजिनिअर. पहिलं घमेलं हिच्याच हातानं पडू द्या, मग आमी." काकूंनी माझ्या हातात घमेलं दिलं. काँक्रीट गरम नसतं, पण ते घमेलं मला चटका बसल्यासारखं लागलं. मी ते खड्ड्यात ओतलं. टाळ्या वाजल्या.

त्या दिवशी नऊ इंच भरलं. बरोबर निम्मं. त्यावर पूजा झाली. हळद-कुंकू, दूध, तुपाची धार, फुलं. मग सगळे जेवायला गेले. माझा फोन खिशातच होता. सरांना लावायचा होता. मनात आलं, संध्याकाळी लावू. संध्याकाळी वाटलं, मिक्सर उद्याच येईल, मग सांगण्यासारखं काय उरणार.

मिक्सर पाच दिवसांनी आला. तोवर ते नऊ इंच दगड झाले होते. एरवी जुन्या काँक्रीटवर नवं टाकायचंच असेल तर वरचा पापुद्रा टाचून काढावा लागतो, खडी उघडी पडेपर्यंत घासावं लागतं. मी मिस्त्रींना तसं म्हणाले. त्यांनी खराट्यानं फुलं लोटली, बादलीभर सिमेंटचं पाणी मारलं आणि म्हणाले, "झालं की. लोखंड तर आरपार हाय. लोखंड धरून ठेवतंय सगळं." कॉलमच्या सळया मधोमध उभ्या होत्या, त्याच काय त्या आरपार होत्या. बाकी सहा फुटांच्या चौकात दोन थरांना जोडणारं काही नव्हतं. मी खड्ड्याच्या काठावर उभी होते आणि मिक्सर ओतत होता. दुपारपर्यंत सगळे पाये भरून झाले.

दुसऱ्या दिवशी साच्याच्या फळ्या काढल्या. बाकीच्या फुटिंगच्या बाजू एकसंध होत्या. ईशान्येच्या फुटिंगला बरोबर मध्यावर, चारही बाजूंनी, एक रेघ होती. बारीक, जराशी पिवळसर. मिस्त्रींनी थापीनं माल फासून ती बुजवली. "दिसायला चांगलं दिसत न्हाई," ते म्हणाले. ती रेघ दिसेनाशी झाली तेव्हापासून मला खरी भीती वाटायला लागली.

वडवणीतल्या माझ्या खोलीवर येऊन मी वहीत गणित मांडलं. सरांच्या गणितात अठरा इंचांचं एक फुटिंग होतं. माझ्यापुढे नऊ इंचांची दोन होती, एकावर एक ठेवलेली. खालच्या थरात जाळी होती पण जाडी नव्हती. वरच्या थराला तर तळाला जाळीच नव्हती. जाडी निम्मी झाली म्हणून ताकद निम्मी राहते असंही नाही, त्याहून खाली जाते, कारण कॉलमभोवतीचा जो घेर भार अडवतो तोही आक्रसतो. शिवाय हा कॉलम कोपऱ्यातला असूनही हलका नव्हता. वरची अभ्यासिका मोठी व्हावी म्हणून सरांनी तिथे दोन्ही रस्त्यांकडे पाच-पाच फूट पुढे काढली होती. त्या सगळ्याचं ओझं याच्यावर येणार होतं. उत्तर आलं ते मी खोडलं आणि पुन्हा केलं. चार वेळा केलं. आकडे थोडे इकडेतिकडे झाले, निकाल तोच राहिला.

माझी धाकटी बहीण माझ्याबरोबर राहते. ती भरतीची तयारी करत होती. मी वही मिटत होते तेव्हा ती म्हणाली, "ताई, नानांना सांगून मला खिडकीजवळची जागा ठेव. दोन्ही रस्त्यांकडं खिडकी हाय ना, त्या कोपऱ्यातली."

मी म्हणाले, "बघू."

"बघू काय? इंजिनिअर तू, अन वशिला न्हाई?"

पुढचे दिवस मी रोज साइटवर गेले आणि रोज गप्प राहिले. कॉलम प्लिंथपर्यंत, म्हणजे जोत्याच्या उंचीपर्यंत, चढले. आपण ज्याला भितो ते समोर दिसत असतं तर बरं असतं. इथे दिसायला काहीच नव्हतं. तडा नव्हता, आवाज नव्हता. ओझं आलंच नव्हतं तर तडा कुठून येणार? तो सगळ्यात शेवटी येणार होता, स्लॅब पडल्यावर, बाकं लागल्यावर, पोरं बसल्यावर, एखाद्या पावसाळ्यात काळी माती फुगून बाजूनं रेटायला लागल्यावर. किंवा कधीच येणार नव्हता. सर सांगायचे, आपण आकडे सावध धरतो, इमारती पुस्तकापेक्षा जास्त सोसतात. हाच विचार मला सर्वात जास्त घाबरवायचा. कारण तो करायला लागलं की गप्प बसणं सोपं होत होतं.

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला की मी त्या कॉलमकडे बघायचे. जेवताना घास हातात राहायचा. काकू रोज डबा पाठवायच्या आणि डबा उघडला की मला त्यांचं तोंड आठवायचं, घमेलं देतानाचं. या बाईनं आपली वेणी घातली आणि हिला जाऊन सांगायचं, तुमचा मुहूर्त खोटा पडला?

एकदा वडिलांचा फोन आला, फडातून. मागे कोयत्यांचे आवाज. "काम कसं चाललंय, बाई?"

"चांगलं."

"नानाचं काम हाय. नीट बघ. त्यांनी आपल्यासाठी लई केलंय."

"हो," मी म्हणाले.  

वरचा थर टाकल्याच्या अकराव्या दिवशी मिस्त्री म्हणाले, "उद्या भरती." म्हणजे खड्डे मुरमानं बुजवणार. फुटिंग एकदा मातीखाली गेलं की माझ्याखेरीज आणि मिस्त्रींखेरीज ते कुणाला कधी कळणार नव्हतं. मुरमाचे दोन हायवा ट्रक येऊन काठावर रिकामे झाले. मी त्या ढिगाकडे बघत उभी राहिले. मग विटांवर बसले आणि सरांना फोन लावला.

 सगळं ऐकून सरांनी विचारलं, "किती दिवस झाले?"

"मुहूर्ताला सोळा. वरचा थर टाकून अकरा."

"अकरा दिवस तुला माहीत होतं."

"हो, सर."

"फोडावं लागेल. कॉलमसकट. नवं भरायचं. नानांना मी सांगू शकतो, पण तू सांग. तू नाही सांगितलंस तर पुढच्या साइटवरही नाही सांगणार."

मी तशीच नानांच्या घरी गेले. नाना पडवीत खुर्चीवर होते, काकू शेंगा निवडत होत्या. मी जमिनीवर बसले. नाना म्हणाले, "वर बस की. आता तू साहेब हायस." मी खालीच बसून राहिले आणि बोलले.  दोन पातळ फळ्या एकावर एक ठेवल्या तर एका जाड फळीची ताकद येत नाही, हे मी त्यांना काकूंच्या सुपातल्या दोन टरफलांनी दाखवायला गेले आणि टरफलं हातात चुरली.

काकूंचे हात थांबले. "मुहूर्ताचा पाया फोडायचा? बाई, असं कुणी करतं का?"

नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "लोक काय म्हणतील म्हाईतेय का? नानानं पोरगी शिकवली, अन तिनं पहिला नानाचाच पाया उपटला."

मी मान खाली घातली. मला वाटलं, आता उठून जा म्हणतील. या घरातून जा म्हणतील. ते घर सुटण्याची भीती मला कॉलमच्या भीतीइतकीच मोठी वाटली, हे आज कबूल करायला हरकत नाही.

मग नाना म्हणाले, "लोखंड वाढवून भागत न्हाई? पाहिजे तितकं आणतो."

"नाही नाना. भोसकायचं ओझं लोखंडाच्या जाळीला अडवता येत नाही. तिथं जाडीच लागते. एकसंध."

"अन तसंच ठिवलं तर? पडंल?"

"सांगता येत नाही. उभंही राहील कदाचित."

"मग?"

 नानांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "तुझी भैन बसणार हाय ना वर?"

"हो."

"त्या कोपऱ्यात बसवशील?"

"न्हाई," मी म्हणाले. गेल्या सोळा दिवसांत तेवढा एकच शब्द माझ्या तोंडून आपसूक निघाला.

नाना उठले. पायात चपला घातल्या. "मग फोडा."

भरती थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळी काँक्रीट फोडायचा ब्रेकर आला. काकू आल्या, खड्ड्याच्या काठावर बसून त्यांनी मातीला हळद-कुंकू लावलं, हात जोडले आणि घरी गेल्या. मिस्त्री सकाळपासून माझ्याशी बोलत नव्हते. ब्रेकरवाल्याला मात्र ऐकू जाईल असं म्हणाले, "फोड बाबा फोड. चार बुकं वाचली की पाये फोडावं लागत्यात."

आधी कॉलम उतरवला. मग ब्रेकर फुटिंगच्या कडेला, फासलेल्या मालावर टेकला. मला वाटलं होतं दिवस जाईल. तीन-चार दणके बसले आणि वरच्या थराचा एक मोठा कोपरा, तीन फूट लांबीचा, डब्याचं झाकण निघावं तसा अलगद सुटून बाजूला सरकला. तुटला नाही, सुटला. ब्रेकरवाल्यानं आपण होऊन मशीन बंद केलं.

खालचा थर गुळगुळीत होता. पिवळा. हळद अजून ओली असल्यासारखी दिसत होती. झेंडूच्या पाकळ्या चपट्या होऊन चिकटल्या होत्या आणि तुपाचा डाग काळसर झाला होता. कुठेही एक खडीसुद्धा दुसऱ्या थराला धरून नव्हती. माझं गणित बरोबर आलं होतं. मी अंदाज धरला होता की थोडंतरी चिकटलं असेल.

नाना खड्ड्यात उतरले. वाकून त्यांनी त्या पिवळ्या थरावरून तळहात फिरवला. मग बोटं धोतराला पुसली आणि मला विचारलं, "एवढे दिवस कावून बोलली न्हाईस?"

मी त्या सुटलेल्या थराकडे बघितलं.

"माझ्या भ्यानं?"

मी मान हलवली.

"भ्यायला शिकवायला न्हाई ठिवलं तुला घरात," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. एवढं बोलून ते वर चढले आणि निघून गेले. ते मला कधी रागावले नाहीत, त्या दिवशीही नाही. ते वाक्य मात्र मी अजून कुठेच नीट ठेवू शकलेले नाही.

मिस्त्री खड्ड्यातच होते. सुटलेल्या तुकड्यावर टेकून बसले होते, डोक्यावरचा गमछा हातात. मला वाटलं चिडले असतील. मी म्हणाले, "मामा, चूक माझी आहे. तुम्ही आधी सांगितलं होतंत, मी थांबवलं नाही."

त्यांनी वर बघितलं. तोंड पांढरं पडलं होतं, सिमेंटनं नव्हे. "मॅडम," ते म्हणाले, आणि या वेळी त्यात चिडवणं नव्हतं, "माझ्या घराचा ईशान्येचा पाया बी आसाच भरलाय. मुहूर्ताला निम्मा, चार दिसांनी निम्मा. मीच भरलाय."

"किती मजली?"

"दोन. औंदा तिसऱ्याच्या सळया वर काढल्यात."

पुढे ते आणखी सांगू लागले, अमुक गल्लीतलं, तमुक वळणावरचं, आणि मग स्वतःच थांबले. मी विचारलं नाही. त्या क्षणी मला ऐकवलं नसतं.

नानांच्या खड्ड्यावर माणूस बसवून आम्ही मिस्त्रींच्या मोटारसायकलवरून त्यांच्या घरी गेलो. दुपारी बाराचं ऊन होतं. घर गल्लीच्या टोकाला, निळ्या रंगाचं. खालच्या खोलीत त्यांची बायको निवडण करत होती, वर सून आणि दोन लहान नातवंडं. वरून पोरांच्या पळण्याचा आवाज येत होता. मिस्त्रींनी कुणाला काही सांगितलं नाही. कुदळ घेतली आणि ईशान्येच्या कोपऱ्याला बाहेरून खणायला लागले. मी फावड्यानं माती ओढत गेले. बायकोनं बाहेर येऊन विचारलं, "काय शोधताव?" ते खणतच राहिले.

फुटिंगची कड लागायला दोन तास गेले. मिस्त्रींनी पाणी मारून बाजू धुतली आणि थापीच्या टोकानं खरवडायला सुरुवात केली. आधी फासलेला माल निघाला. मग मध्यावर रेघ दिसली. त्यांनी थापीचं टोक तिच्यात घातलं. दोन बोटं आत गेलं. ते सरकत सरकत पुढे गेले, रेघही त्यांच्या पुढे पुढे जात राहिली, आणि जिथे कॉलमच्या जवळची बाजू आली तिथे तिच्यातून वर चढणारा एक तिरपा तडा होता. केसाएवढा. पुस्तकात दाखवतात तसा, पंचेचाळीस अंशांत.

"मॅडम, हा जुनाय का नवा?" त्यांनी विचारलं.

तड्याच्या कडा धारदार होत्या, आत माती शिरली नव्हती. "मला नक्की सांगता येत नाही, मामा. पण मी इथं कुणाला राहू देणार नाही."

डोक्यावर पोरांची धावपळ चालूच होती. मिस्त्री उठले. गुडघ्यांची माती झटकायचंही त्यांना सुचलं नाही. जिन्याखाली जाऊन त्यांनी वर हाक मारली, आवाज शक्य तितका साधा ठेवून, "सूनबाई, पोरांना घिऊन खाली या. पळू नका म्हणावं. हळूच या."